मडके काढले तर संसार मोडेल का?

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आले आहे. लेखिका गृहिणी आहेत. घरी यजमान आणि सासूबाई असतात. २०२२ च्या दिवाळीत मुलीच्या हट्टाखातर त्यांनी ‘लव्हबर्ड’ची एक जोडी आणली, नर निळा आणि मादी पिवळी, आणि दुकानदाराने पिंजऱ्यात टांगायला एक मडकेही सोबत दिले. आज मागच्या व्हरांड्यातील जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात सतरा पक्षी आणि तीन मडकी आहेत. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून सगळी निगा लेखिकेकडे आली आहे. मधल्या काळात दोन घटनांनी त्यांची झोप उडाली: एक तरुण मादी अंडे अडकून रात्रीत मेली, आणि दुसऱ्या एका मादीने शेजारच्या मडक्यात शिरून तीन पिल्ले टोचून मारली. सध्या एका मडक्यात पिल्ले आहेत, दुसऱ्यात चार अंडी आहेत आणि तिसऱ्यावरून भांडणे चालली आहेत. यजमानांना वाटते की आणखी मडकी टांगून पिल्ले विकावीत. सासूबाई म्हणतात, पाखरांचा मांडलेला संसार मोडणे हे पाप आहे. शेजारी म्हणतात, सगळी सोडून द्या आणि आमच्या ओळखीच्या माणसाकडून एक बोलका हिरवा पोपट घ्या. लेखिका विचारतात: मडकी काढली तर पक्षी झुरतील का? त्यांना सोडावे, दुकानात द्यावे, की आहे तसेच चालू द्यावे?

ताई,

पत्रात तुम्ही मडक्याला शेवटपर्यंत ‘त्यांचे घर’ म्हटले आहे, आणि तुमच्या जिवाची जी घालमेल चालली आहे तिचे मूळ मला त्या एका शब्दात दिसते. कोणाचे घर काढून घेणे हा अन्याय वाटणारच. पण हे पक्षी मडक्यात राहत नाहीत. आज रात्री दिवा मालवण्याआधी पाहा: अंड्यांवर बसलेली मादी आणि पिल्ले सोडली तर बाकी सगळे दांडीवर, आपापल्या ठरलेल्या जागी, पिसे सैल करून आणि एक पाय पोटाशी घेऊन झोपलेले दिसतील. मडके म्हणजे बाळंतिणीची खोली आहे. ती खोली बाराही महिने उघडी आणि तयार ठेवली तर तिथे बाराही महिने बाळंतपणे होणार, आणि तुमच्या व्हरांड्यात नेमके तेच झाले आहे.

आधी हे पक्षी कोण, ते पाहू. आपल्याकडे दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते अंगाने भरलेले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे असतात. तुम्ही वर्णन केले आहे तसे लांब निमुळत्या शेपटीचे, डोक्यामागे आणि पंखांवर नागमोडी काळ्या रेघा असलेले, जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम वजनाचे पक्षी ऑस्ट्रेलियातले. (बाजरी खातात म्हणून बजरीगर, अशी व्युत्पत्ती मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितली आहे. खाण्याचा भाग खरा आहे. नाव मात्र तिथल्या आदिवासी भाषेतून आले आहे.) जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये काही जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून त्यांचे पिंजऱ्यातले आयुष्य सुरू झाले. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, जांभळट हे सगळे रंग माणसाने निवडून जोड्या लावत टिकवले आहेत. म्हणजे तुमचा निळा नर ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्यात कोणी कोणाशी आणि केव्हा वीण करावी हे शंभराहून अधिक वर्षे माणूसच ठरवत आला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात बजरीगर थव्यांनी भटकतात. पाऊस पडतो, गवताला दाणा धरतो, तेव्हा निलगिरीच्या झाडांच्या ढोल्यांत जोड्या भराभर विणीला बसतात. दाणा संपला की वीण थांबते आणि थवा पाण्याच्या शोधात पुढे निघतो. पाऊस पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसल्यामुळे संधी दिसताच वेळ दवडायचा नाही, अशीच त्यांच्या शरीराची घडण झाली आहे, आणि त्याला तीन खुणा पुरतात: भरपूर दाणापाणी, लांब दिवस आणि एक अंधारी ढोली. तुमच्या व्हरांड्यात राळ्याची वाटी कधी रिकामी होत नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटचा उजेड पिंजऱ्यावर पडतो असे तुम्हीच लिहिले आहे, आणि ढोलीच्या जागी तीन मडकी आहेत. तिथे दुष्काळ कधी येतच नाही.

सासूबाईंना हे निवांतपणे सांगा, कारण त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. निसर्गाच्या कामात हात घालू नये, हा त्यांचा विचार चांगला आहे. फक्त हात कधी घातला गेला याविषयी त्यांचा आणि माझा मतभेद आहे. मडके टांगले त्या दिवशीच तो घातला गेला. दुष्काळाचा जो लगाम निसर्गाने या पक्ष्यांना लावला होता तो आपण काढला, आणि मडके उतरवले की तो परत लागतो. ‘संसार मोडेल’ ही भीतीही तशी निराधार आहे. मडके नसतानाही जोडी जोडीच राहते. नर मादीच्या डोक्यावरची पिसे साफ करतो, तिला चोचीतून भरवतो, दोघे दुपारभर शेजारी बसून कुजबुजतात. माझ्याकडे पूर्वी एक जोडी होती, तिला अखेरची काही वर्षे मडके नव्हते, आणि ती झुरल्याचे एकही लक्षण मला कधी दिसले नाही. झुरतो तो एकटा ठेवलेला बजरीगर, कारण तो थव्याचा पक्षी आहे.

आता त्या मेलेल्या मादीविषयी. तुम्ही लिहिता की ती चार-पाच महिन्यांची असतानाच मडक्यात शिरू लागली आणि मेली तेव्हा लागोपाठ तिसऱ्या विणीची अंडी घालत होती. बजरीगर चार महिन्यांच्या सुमारास वयात येऊ लागतो, पण अंडी घालण्याइतके मादीचे शरीर तेव्हा भरलेले नसते, म्हणून जाणते पक्षीपालक ती वर्षाची होईपर्यंत तिला मडके दाखवतही नाहीत. एका विणीत साधारणपणे चार ते सहा अंडी, एक दिवसाआड एक, आणि प्रत्येक कवचासाठी लागणारे कॅल्शियम खाण्यातून मिळाले नाही तर ते तिच्या हाडांतून निघते. नुसत्या राळ्यात ते फारच थोडे असते. ते कमी पडले की कवच मऊ राहते, आणि अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही जोर उरत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही एरंडेल लावलेत. त्याने अंडे सुटत नाही; उलट पिसे चिकटून पक्षी गारठतो. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न तर कोणीच करू नये, कारण ते आत फुटले तर मादी वाचणे कठीण होते. मादी तळाशी फुगून बसली आहे, शेपटी वरखाली हलवत कुंथते आहे असे दिसले की तिला लहान खोक्यात वेगळी करावी, टेबललॅम्पची किंवा कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तीस ग्रॅमच्या जिवाचा हिशेब तासांचा असतो.

‘रात्री उठून पाहिले असते तर’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. पाहिले असते तर कदाचित ती वाचली असती, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण तिसऱ्या विणीनंतरही मडके तसेच राहिले असते, तर चौथ्या विणीला तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला असता. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. उरलेल्या माद्या अजून त्याच तीन मडक्यांसमोर आहेत म्हणून लिहिते.

पिल्ले मारणाऱ्या मादीला तुम्ही ‘राक्षसीण’ म्हटले आहे, आणि जे तुम्ही पाहिले ते पाहून कोणीही तसेच म्हणाले असते. पण तुमच्याच मोजणीप्रमाणे माद्या सात आणि मडकी तीन. एरवी शांत असणारी बजरीगरची मादी ढोलीच्या तोंडाशी मात्र कोणाची गय करत नाही: जागा हवी असली की आत शिरते, अंडी बाहेर ढकलते, पिल्लांना टोचते, प्रसंगी दुसऱ्या मादीला रक्तबंबाळ करते. एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या विणीला ठेवणारे लोक म्हणूनच जोड्यांपेक्षा जास्त मडकी लावतात आणि सगळी एकाच उंचीवर टांगतात, कारण उंचावरच्या मडक्यासाठी भांडणे जास्त होतात; आणि एवढे करूनही पिल्ले मरतात ती मरतातच. तुमची मादी वेडी नाही. तिला आज वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, ते दुसऱ्या मडक्यांतील पिल्लांच्या संरक्षणासाठी. मडकी उतरल्यावर तिला परत थव्यात सोडता येईल.

तुमच्यासमोर जे मार्ग ठेवले गेले आहेत, त्यांपैकी सोडून देण्याचा मार्ग मी एका वाक्यात निकालात काढते: ज्या पक्ष्याने जन्मात दाणा शोधलेला नाही, ज्याला कावळा, मांजर आणि शिक्रा म्हणजे काय ते माहीत नाही, आणि जो या भूमीतलाच नाही, त्याला मोकळे करणे म्हणजे दोन-तीन दिवसांत मरायला सोडणे. हिरव्या पोपटाचेही तसेच. आपल्याकडचे सगळे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि घरी पाळणे हा गुन्हा आहे, आणि ‘ओळखीच्या माणसाने’ आणलेले पोपटाचे पिल्लू कोणत्या तरी झाडाच्या ढोलीतून काढलेले असते. बजरीगर विदेशी आहे आणि धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या याद्यांतही तो नाही, म्हणून तो पाळायला अडचण येत नाही. बाकीचे बहुतेक विदेशी पोपटवर्गीय पक्षी मात्र त्या याद्यांत आहेत आणि ते पाळणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते, हे पुढे कधी मोठ्या रंगीत पक्ष्याचा मोह झाला तर लक्षात असू द्या.

यजमानांच्या योजनेवर मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण ती योजना अनेक घरांत याच टप्प्यावर सुचते. पक्षी वाढले, खर्च वाढला, तर तो त्यांनीच भरून काढावा, हा विचार व्यवहारी वाटतो. पण जुनी जोडी सोडली तर तुमचे सगळे पक्षी त्या एकाच जोडीपासून झालेले आहेत. आज तुमच्या पिंजऱ्यात जी वीण चालली आहे ती सख्ख्या भावाबहिणींत, बापलेकींत आणि मायलेकांत चालली आहे. अशा विणीत न फुटणारी अंडी, अशक्त पिल्ले आणि अंगचे दोष पिढीगणिक वाढत जातात. गेल्या वेळी दोन पिल्लांचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले होते असे तुम्ही लिहिले आहे. ते नात्यातल्या विणीमुळेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण मडक्याचा तळ गुळगुळीत असला आणि आत लाकडाचा भुसा नसला तरी पिल्लांचे पाय असेच फाकतात. पण दोन्ही कारणे तुमच्याकडे एकत्र हजर आहेत. विक्रीयोग्य पक्षी तयार करायचे तर वेगवेगळ्या घराण्यांतील वर्षाहून मोठ्या जोड्या, प्रत्येक जोडीला स्वतंत्र पिंजरा, पायात वळे घालून ठेवलेली नोंद, दोन विणींमध्ये विश्रांती आणि आजारी पक्ष्यांसाठी वेगळी खोली लागते. पाळीव प्राण्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. एवढे सगळे मांडून, दुकानदार एका पिल्लामागे आपल्या हातात प्रत्यक्षात किती टेकवतो ते आधी विचारून, मग यजमानांनी वहीवर गणित करून पाहावे. मला वाटते ते गणित करून झाल्यावर ते स्वतःच मडकी उतरवायला मदत करतील.

दुकानात सगळे एकदम देणे हा मार्ग मी वर्ज्य मानत नाही, पण तो तुमच्या मनातला प्रश्न सोडवणार नाही, केवळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवील: प्रत्येक जोडीसोबत एक मडके जाईल आणि कोणाच्या तरी व्हरांड्यात हाच प्रकार पहिल्यापासून सुरू होईल.

तेव्हा काय करावे? भांडणाचे तिसरे मडके आजच उतरवा. चार अंड्यांविषयी तुम्ही विचारले आहे, पण बजरीगरची अंडी सुमारे अठरा दिवसांत फुटतात, त्यामुळे हे उत्तर तुमच्या वाचनात येईपर्यंत त्यांतून पिल्ले बाहेर आलेली असतील. ती वाढू द्या. त्या मडक्यातील आणि पिल्लांच्या मडक्यातील पिल्ले साधारण पाच आठवड्यांची होऊन बाहेर येतील, आणि त्यानंतर आठवडा-दहा दिवस नर त्यांना भरवत राहील. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची आहे. पहिली पिल्ले बाहेर पडण्याआधीच मादी पुढच्या विणीची तयारी करू लागते, आणि मग आतल्या पिल्लांची पिसे उपटू लागते किंवा त्यांना हाकलते. तसे दिसले आणि पिल्ले महिन्याची झालेली असली, तर त्यांना त्यांच्या बापासह शेजारच्या लहान पिंजऱ्यात हलवा. तो त्यांना तिथे भरवील. शेवटचे पिल्लू बाहेर आले त्याच दिवशी मडके काढायचे, दुसऱ्या दिवशीवर टाकायचे नाही, कारण त्या एका दिवसात नवे अंडे पडलेले असू शकते.

आणि पडलेच तर? मडक्याविना एखादी मादी दाण्याच्या वाटीत किंवा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंडे घालते. घाईने ते उचलून टाकू नका, कारण नेलेल्या अंड्याची भरपाई करायला ती आणखी अंडी घालते आणि पुन्हा तिचीच हाडे झिजतात. अंडे ताजे असतानाच, त्याच दिवशी, उचलून उकळावे, गार करून परत ठेवावे. ती त्यावर बसेल आणि दोन-तीन आठवड्यांत कंटाळून उठेल, मग ते काढावे. यात जीवहत्या होते का, असा प्रश्न सासूबाई विचारतील. त्याच दिवशी उचललेल्या ताज्या अंड्याला पुरेशी ऊब मिळालेली नसते, आणि ऊब मिळाल्याखेरीज अंड्यात जीव आकार घेत नाही. ज्यांचे मन एवढ्यानेही मानत नसेल त्यांनी नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवाव्यात, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही; नराविना मादीने क्वचित घातलेले अंडे वांझच असते.

वेगळे करायचे तर ओळखावे कसे, तेही सांगते. चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवती जी मांसल पट्टी असते ती मोठ्या नरात निळी असते. मादीत ती फिकट, पांढुरकी असते आणि विणीच्या काळात तपकिरी व खडबडीत होते. कपाळावर चोचीपर्यंत आडव्या रेघा असलेली पिल्ले तीन-चार महिन्यांखालची असतात. त्यांत सारखी गुलाबी-जांभळट पट्टी असलेला बहुधा नर, आणि नाकपुडीभोवती पांढरी कडी दिसली तर मादी. पांढऱ्याशुभ्र आणि पिवळ्याधमक लाल डोळ्यांच्या पक्ष्यांत ही खूण फसवते, कारण त्यांच्या नरांची पट्टी मोठेपणीही गुलाबीच राहते. नरांचा पिंजरा दिवसभर गजबजलेला आणि भांडणाविना चालतो. माद्या थोड्या खेकसतात, पण मडके नसले तर प्रकरण रक्तापर्यंत जात नाही. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण हे पक्षी आडवे उडतात. दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, आणि दांड्या गुळगुळीत प्लास्टिकच्या नकोत, पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा.

उजेड आणि खाणे यांतही बदल हवा. संध्याकाळी सातच्या सुमारास पिंजऱ्याच्या खिडकीकडील बाजूवर जाड कापड टाका, म्हणजे त्यांची रात्र बारा तासांची होईल. खाण्यात राळे (दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो तेच) आणि बाजरी राहू द्या, पण वाटी सतत शिगोशीग भरण्याची सवय सोडा. सकाळी आणि संध्याकाळी मोजून द्या आणि वरची टरफले फुंकून खाली खरेच दाणा आहे ना ते पाहा, कारण टरफलांनी भरलेली वाटी भरलेलीच दिसते आणि पक्षी उपाशी राहतात. उपाशी ठेवून वीण थांबवायची नाही, हे स्पष्ट असू द्या. नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडते, म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मोड आलेले मूग थोडे थोडे द्या, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माखलीच्या पाठीतल्या हाडाचा) एक तुकडा कायम अडकवलेला असू द्या. उकडलेले अंडे मात्र पिल्ले मोठी होईपर्यंतच. त्यानंतर ते बंद, कारण तेही शरीराला विणीचीच खूण देते. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट ही त्यांना विषे आहेत. तुमच्या व्हरांड्याला लागून स्वयंपाकघर आहे म्हणून आणखी एक: नॉनस्टिक तवा रिकामा तापून धुरावला तर तो धूर माणसाला फारसा जाणवत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतात.

सतरांपैकी किती ठेवायचे हे तुमच्या वेळेवर ठरवा, मायेवर नको. मुलगी पुण्याला गेली आहे आणि रोजचे झाडणे, पाणी बदलणे तुमच्याच हातून होणार आहे. जुनी जोडी आणि सोबतीला चार-सहा पक्षी, इतके मला झेपण्याजोगे वाटते. बाकीचे ओळखीच्या घरांत दोन-दोन करून द्या, शक्य तितके नर-नर, आणि देताना पिंजरा, दाणा, समुद्रफेस हवे तेवढे द्या, पण मडके देऊ नका. घेणारे ते मागतीलच. त्यांना बाळंतिणीच्या खोलीचे उदाहरण सांगा. आपल्याकडे ते चटकन पटते.

पत्राच्या शेवटी, ‘ता. क.’मध्ये, तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिले आहे: सासूबाईंना पाच-सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना धाप लागते. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत तातडीचे वाक्य तेच आहे. पक्ष्यांच्या पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती पुढे कायमची इजा करू शकते. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये जो वाद झाला त्यात याच आजाराची चर्चा होती. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा तापही आहे. सासूबाईंना यांपैकी काही आहेच असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण डॉक्टरांना ‘घरात सतरा पक्षी आहेत’ हे सांगितल्याखेरीज त्यांनाही ते सुचणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून ते सांगितले गेलेले नाही असे दिसते. या आठवड्यात त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि हे वाक्य पहिल्यांदा सांगा. निदान होईपर्यंत त्यांचे दुपारचे बसणे व्हरांड्यातून पुढच्या खोलीत हलवा. तळाचा कागद रोज बदला, झाडण्याआधी पाणी शिंपडून धूळ बसवा, आणि स्वतः तोंडाला मास्क लावा. डॉक्टरांनी पक्ष्यांमुळेच हे आहे असे सांगितले, तर चार-सहा ठेवण्याचा माझा सल्ला रद्द समजा. मग एकही नको.

पक्ष्यांच्या आजारासाठी तुमच्या जिल्ह्यातच, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर वाचकांसाठी: मुंबई, नागपूर, परभणी आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत, आणि गाई-म्हशींचा अनुभव असलेल्या स्थानिक डॉक्टरांना बजरीगर दाखवण्याआधी त्यांनी लहान पक्षी हाताळले आहेत का, हे विचारण्यात काही गैर नाही. पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून दिवसा झोपणारा, दोन्ही पायांवर बसून डोळे मिटणारा पक्षी आज दाखवायचा, उद्या नव्हे.

मडकी फोडू मात्र नका. धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर पालथी घाला. मुलगी दिवाळीला आली आणि ‘एकदा तरी पिल्ले पाहू’ म्हणाली, तर नाही म्हणण्याचे कारण नाही, फक्त या वेळी तयारी आधी होऊ द्या: मादी दुसऱ्या घराण्यातली आणि वर्षाहून मोठी, नर तुमच्याकडचा, दोघांना स्वतंत्र पिंजरा, मडक्याच्या तळाशी लाकडाचा भुसा, महिनाभर आधीपासून समुद्रफेस आणि हिरवा पाला, ऋतू पावसाळ्यानंतरचा, आणि जन्मणाऱ्या चार-पाच पिल्लांसाठी घरे आधी ठरलेली. ती घरे ठरली नाहीत, तर मडके माळ्यावरच राहू द्या.